न्यूयॉर्क किती तास?

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे, असं आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही. ‘किती तास लागतात?’ असं विचारतात. एडिसनला किंवा जर्सी सिटीला मुलगी असलेल्या आईला किलोमीटरचा आकडा ऐकून काय करायचंय? पाय किती वेळ लोंबकळत ठेवावे लागणार, मधे कुठे उतरून विमान बदलावं लागणार का आणि तिथे आपलं इंग्रजी पुरेल का, एवढं तिला कळलं की पुरे. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. किलोमीटरचं उत्तर कायमचं ठरलेलं आहे, सुमारे साडेबारा हजार. तासांचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं, दिशेप्रमाणे बदलतं आणि हल्ली तर सकाळच्या बातम्यांप्रमाणेही बदलतं.

आधी अंतर उरकून टाकू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर एक बोट ठेवून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशावर हा प्रयोग करू नका. तो नकाशा सोळाव्या शतकातल्या खलाशांच्या सोयीसाठी आखलेल्या पद्धतीचा असतो आणि त्यावर न्यूयॉर्क आपल्या डावीकडे, अरबस्तान-आफ्रिका ओलांडून अटलांटिकच्या पलीकडे दिसतं. गोलावरचा दोरा वेगळंच सांगतो. तो मुंबईतून निघतो तोच मुळी उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे झुकून. सौराष्ट्र, कच्छचं रण, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तानचं वाळवंट, कास्पियन समुद्राचं उत्तर टोक, मग थेट रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्रडॉर आणि वरून खाली उतरत न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तरेवर आणि न्यूयॉर्क ४०-४१ वर, पण त्यांना जोडणारी सगळ्यात जवळची वाट ६४-६५ अंशांपर्यंत चढते. विमानातल्या समोरच्या पडद्यावर ती कमान पाहून ‘हा एवढा वरून का नेतोय?’ असं शेजारचे काका हमखास विचारतात. तो जवळूनच नेत असतो.

याच दोऱ्यातून आणखी एक गोष्ट कळते. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजार, बेरीज होते पावणेतेरा हजारांच्या आत. म्हणजे लंडनला वळसा घालून गेलं तरी जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर वाढतात. दुबईमार्गे गेलात तरी चारशेच्या आसपास. मुंबई-नागपूर रस्त्यापेक्षा हे कमी आहे. तेव्हा ‘डायरेक्ट फ्लाइट’चे जास्तीचे पैसे आपण अंतर वाचवायला देत नाही. खाली उतरणं, धावपट्टीवरून रांगत जाणं, पुन्हा तपासणी, तीन-चार तासांची ताटकळ आणि पुन्हा चढणं, हे टाळायला देतो.

न्यूयॉर्कला जाणारी पहिली नामांकित मराठी प्रवासी म्हणजे आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ ला त्या शिकण्यासाठी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळपास दोन महिने, वय १८, सोबत नवरा नाही. बंदरावर त्यांना घ्यायला आल्या होत्या त्यांच्या अमेरिकी यजमान थिओडिशिया कार्पेंटर. या बाईंचं घर न्यूजर्सीतल्या रोझेल गावात. आज हे रोझेल नेवार्क विमानतळापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मुंबईहून थेट उडणारी विमानं ज्या दोन विमानतळांवर उतरत आली, त्यांतला एक नेवार्क. मराठी वस्ती जिथे आज दाट आहे त्याच परिसरात पहिली मराठी विद्यार्थिनी उतरली होती, हा योगायोग मला फार आवडतो. परतीचा प्रवास मात्र त्यांच्या तब्येतीला सोसला नाही. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला आल्या त्या आजारीच, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या.

बोटीचे दोन महिने ते विमानाचे सोळा तास, यातले टप्पे भराभर सांगता येतील. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात बसले होते. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ घेऊन तीच कंपनी लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. त्यानंतर जवळजवळ पाच दशकं आपली माणसं लंडनला किंवा युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या विमानतळावर पाय मोकळे करूनच अमेरिकेला गेली. १ ऑगस्ट २००७ ला एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण सुरू केलं, बोइंग ७७७-२०० एलआर जातीच्या विमानाने. या जातीच्या विमानाने नोव्हेंबर २००५ मध्ये हाँगकाँगहून पूर्वेकडे निघून, अख्खं पॅसिफिक आणि अटलांटिक ओलांडून लंडन गाठलं होतं. न थांबता २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. त्याच्यापुढे मुंबई-न्यूयॉर्क म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण विक्रमाच्या उड्डाणात तीनशे प्रवासी आणि त्यांच्या प्रत्येकी दोन बॅगा नव्हत्या.

वजन हा या सगळ्या हिशेबातला खरा खलनायक. आज लांबच्या मार्गांवर सर्रास दिसणारं बोइंग ७७७-३०० ईआर घ्या. त्याच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं, म्हणजे अंदाजे १४५ टन. जमिनीवरून उठताना विमानाचं एकूण वजन ३५१ टनांच्या वर चालत नाही. टाक्या काठोकाठ भरल्या तर वजनाचे चाळीस टक्के नुसतं इंधनच झालं. त्यातलंही बरंचसं इंधन, बाकीचं इंधन वाहून नेण्यातच जळतं. त्यामुळे मार्ग दीड तासाने लांबला तर ‘दीड तासाचं तेल जास्त टाका’ इतकं ते सोपं राहत नाही. कधी माल खाली ठेवावा लागतो, कधी काही खुर्च्या रिकाम्या न्याव्या लागतात, आणि तरी जमलं नाही तर वाटेत उतरून तेल भरावं लागतं. शिवाय हवा गरम असली की ती विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचा जोरही घटतो. मुंबईहून अमेरिकेची विमानं मध्यरात्रीनंतर निघतात त्याचं मुख्य कारण पलीकडे सकाळी पोचणं हे असलं, तरी मे महिन्यात रात्रीची हवा वैमानिकाला दुपारपेक्षा बरी वाटत असणार.

आता वारा. जायला सोळा तासांच्या आसपास लागतात आणि यायला चौदा-साडेचौदा, हे बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. याचं कारण विचारलं की दहापैकी चार जण सांगतात की पृथ्वी फिरते म्हणून. त्यांच्या मते विमान नुसतं वर तरंगत राहिलं तर न्यूयॉर्क आपसूक खाली यायला हवं. हा हिशेब खरा मानला तर जाताना कमी वेळ लागायला हवा. होतं नेमकं उलट. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या एसटीत कंडक्टर पुढून मागे चालत गेला म्हणून तो मागच्या गावाला पोचत नाही, तसंच हे. तासांचा फरक करतो तो उंचावरचा वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं उडतात नेमक्या त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दोनशे किलोमीटरचा वेग तिथे नवलाचा नाही आणि हिवाळ्यात तो जास्त असतो.

जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत छापला आणि म्हणूनच बहुधा तो कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून बॉम्ब टाकायला गेलेल्या अमेरिकी वैमानिकांना हा वारा तोंडावर बसला, तेव्हा त्याची खरी दखल घेतली गेली. आज उड्डाणमार्ग आखणाऱ्यांचा अर्धा खटाटोप या वाऱ्याभोवती असतो. येताना त्याच्यावर स्वार व्हायचं, जाताना त्याला चुकवायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान पाठीशी वादळी वारा घेऊन न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता.

वाऱ्याची ही गंमत एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर पुरेपूर वापरली. सुरुवातीला हे विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याला उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी. पाठीवर वारा होता. लांबची वाट लवकर पोचवते हे शाळेतल्या वेळ-काम-वेगाच्या गणितात बसत नाही, पण हवेत चालतं.

वाऱ्याचा अंदाज तरी बांधता येतो. खालच्या देशांच्या मर्जीचा अंदाज कोण बांधणार? मघाशी दोऱ्याखाली आलेली नावं पुन्हा आठवा: सिंध, कंदाहार, रशिया. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते १६ जुलैला उघडलं. तेवढ्या काळात, २ जुलैपर्यंत, एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर तेच पुन्हा घडलं. दिल्लीला याचा फार त्रास झाला, कारण दिल्लीतून पश्चिमेला जायचं म्हणजे आधी गुजरातपर्यंत खाली यायचं आणि मग समुद्रावरून वळायचं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नाला तेल भरायला उतरू लागली. दिल्ली-वॉशिंग्टन ही थेट सेवा तर सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने थांबवलीच. विमानं नूतनीकरणासाठी गेली होती हे एक कारण आणि पाकिस्तानचं आकाश बंद हे दुसरं. मुंबईच्या पुढ्यात अरबी समुद्र आहे, त्यामुळे मुंबईचं तुलनेने निभावलं.

पण समुद्र ओलांडला की इराण आणि आखात लागतं. १३ जून २०२५ च्या पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश तातडीने बंद झालं. त्या वेळी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतूनच मुंबईला परत आलं, आणि न्यूयॉर्कहून मुंबईला येत असलेलं सौदी अरेबियात जेद्दाला उतरवावं लागलं. रात्रभर प्रवास करून पुन्हा मुंबईच्या सहार विमानतळावर उतरणं कसं वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रशियाचं प्रकरण आणखी चमत्कारिक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियाच्या आकाशात बंदी झाली. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने नेवार्क-मुंबई उड्डाणं त्याच कारणाने मार्च २०२२ मध्ये थांबवली होती. फिनलंडच्या फिनएअरचं हेलसिंकी-टोकियो उड्डाण साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेलं. ती विमानं आता काही वेळा उत्तर ध्रुवावरून जातात. भारतीय कंपनीला मात्र रशियाची आडकाठी नाही, त्यामुळे एअर इंडियाची वाट प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सोपी झाली. या सवलतीची दुसरी बाजू ६ जून २०२३ ला दिसली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेतल्या मगादान गावी उतरलं. आत २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. अमेरिकेला निघालेली ही मंडळी शाळा-वसतिगृहांत गाद्या टाकून राहिली. जेवणाची, औषधांची, भाषेची सगळीच पंचाईत. मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आलं. दोन इंजिनांच्या विमानाला नियमाप्रमाणे वाटेत ठरावीक वेळेच्या टप्प्यात कुठलं तरी उतरण्याजोगं विमानतळ हाताशी ठेवावं लागतं. नकाशावरचा तो ठिपका बहुतेकांच्या आयुष्यात ठिपकाच राहतो. मगादानला उतरलेल्यांना तिथला जून किती गार असतो हे कळलं.

जगात मुंबई-न्यूयॉर्कपेक्षा लांबची नियमित उड्डाणं आहेत. सिंगापूर एअरलाइन्सचं सिंगापूर-न्यूयॉर्क विमान सुमारे १५,३५० किलोमीटर उडतं आणि त्याचा जाहीर वेळ साडेअठरा-एकोणीस तासांच्या घरात असतो. ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनी-लंडन विनाथांबा नेण्याच्या तयारीत आहे, वीस तासांहून अधिक. तंत्रज्ञानाला आता फारशी अडचण उरलेली नाही. मला शंका माणसाच्या गुडघ्यांची आहे.

या सोळा तासांत शरीराचं काय होतं ते थोडं नीट बघायला हवं, कारण या विमानात साठी-सत्तरीचे आईवडील खूप असतात. विमान अकरा किलोमीटर उंचीवर असतं तेव्हा आतली हवा दाबून ठेवलेली असते, पण जमिनीइतकी नाही. ७७७ मध्ये ती साधारण २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ होऊ शकते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे तुमचे वडील कळसूबाईच्याही बऱ्याच वर बसून सोळा तास झोपायचा प्रयत्न करत असतात. बोइंगच्याच ड्रीमलायनरमध्ये हीच पातळी १,८०० मीटरच्या आसपास राखतात, थकवा कमी जाणवतो तो त्यामुळे. हवा अतिशय कोरडी असते. पाणी पीत राहावं आणि दर दोन तासांनी उठून चालावं, नाहीतर पायांच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. बायका स्वच्छतागृहाला जायचं टाळायला पाणीच पीत नाहीत. ते करू नये. खिडकीपेक्षा कडेची, वाटेलगतची खुर्ची मागून घ्यावी. खिडकीतून रशिया दिसणार नसतोच, काळोख दिसतो.

घड्याळाचा घोळ वेगळाच. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. रात्री दोनला मुंबई सोडलेलं विमान सोळा तासांनी पोचतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा आणि तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात किंवा साडेआठ असतात. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून ‘साडेपाच-सहा तासांत पोचतं की’ म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात एक तरी असतात. (घड्याळाच्या बाबतीत मुंबईने कुणाला हसू नये म्हणा. देशाची प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली तरी आपली महापालिका ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत धरून बसली होती.) शरीर नवं घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीने पत्करतं. जातानापेक्षा परत आल्यावर जेटलॅग जास्त छळतो, कारण आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब आहे आणि त्याला दिवस ताणणं जमतं, आखडणं जमत नाही.

आणि शेवटी, विमानतळ ते विमानतळ हा हिशेब पुणेकराला, नाशिककराला, कोल्हापूरकराला अर्धाच लागू होतो. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. त्यावरून तुडुंब भरलेलं ७७७ अमेरिकेला उडणं शक्य नाही. म्हणून कोथरूडमधून संध्याकाळी गाडी निघते. घाट, लोणावळ्याची कोंडी, वाशीची कोंडी, चार तास. विमानतळावर तीन-चार तास आधी. तिथे टर्मिनल दोनच्या दाराशी मध्यरात्री उभं राहून बघा. भाजणी, गोडा मसाला, चकल्यांचे डबे भरलेल्या बॅगा पुन्हा एकदा वजनकाट्यावर चढतात, तेवीस किलोवर आकडा गेला की फरशीवरच बॅग उघडली जाते आणि एक साडी, एक डबा दुसऱ्या बॅगेत जातो. आत व्हीलचेअरची रांग विमानाच्या रांगेइतकीच लांब. त्यातल्या अनेकांचे पाय ठणठणीत असतात. भाषेची आणि चुकण्याची भीती असते, म्हणून मुलांनी ती सोय घेतलेली असते. त्यात गैर काही नाही, पण ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना थांबावं लागतं, हेही खरं. मग सोळा तास, पलीकडे इमिग्रेशनचा दीड तास, बॅगा, मुलाची गाडी. कोथरूड ते एडिसन हे सगळं धरून सव्वीस-सत्तावीस तास होतात आणि त्यातले दहाएक तास जमिनीवरचे. नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालं आहे. अमेरिकेची विमानं तिथून नियमित उडू लागली तर पुण्याच्या बाजूच्यांचा तासभर तरी वाचेल. हवेतला एक तास वाचवायला लाखो डॉलर ओतले जातात, हा त्याहून स्वस्त आहे.

तिकीट काढणाऱ्या मुलामुलींना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. आईवडील पहिल्यांदा जात असतील आणि परवडत असेल, तर थेट विमान घ्या. नसेल परवडत तर मधला थांबा तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका; अबुधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि पलीकडे थेट बॅगा घेऊन बाहेर पडता येतं, हेही ध्यानात असू द्या. दुसरी गोष्ट तारखेची. तिकिटावर १५ तारीख आणि रात्री १ वाजून ४० मिनिटं ही वेळ असेल, तर घरून निघायचं ते १४ तारखेच्या संध्याकाळी. पंधराला रात्रीचं जेवण करून निघालात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.